बस म्हणेपर्यंत

तळ्याचं पाणी आटायच्या आत त्यात भिजत घातलेलं घायपात बाहेर काढायचं, एवढं एकच वेळापत्रक त्या घरानं आयुष्यभर इमानानं पाळलं होतं. यंदा तळ्यानंच दगा दिला. पाणी इतक्या लवकर ओसरलं की दगडाखाली दाबलेल्या पानांच्या पेंढ्या उघड्या पडायला लागल्या. उघड्या पेंढीला ऊन लागलं की आतला वाख, म्हणजे पानातला धागा, काळा पडतो आणि हातात घेतला की तटातट तुटतो. तसल्या वाखाचा दोर कोणी गुराच्या गळ्यातही बांधत नाही.

म्हणून ती सकाळपासून गुडघाभर चिखलात उभी होती. कुजलेल्या पानांचा वास नाकात नाही, घशात बसतो. एकेक पेंढी ओढायची, छातीशी धरायची, काठावर नेऊन टाकायची. हे काम दोघांचं होतं. एकानं आतून द्यायची, दुसऱ्यानं वर घ्यायची. आता आतही तीच आणि वरही तीच. प्रत्येक पेंढीला तिच्या ओटीपोटात काहीतरी निसटल्यासारखं व्हायचं. मग ती मांड्या आवळून उभी राहायची, इकडेतिकडे बघायची, आणि कोणी नसलं की फडकं नीट दाबून घ्यायची. बायकांच्या भाषेत अंग उतरलं होतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकलं होतं. मागच्या घायपाताच्या वेळी थोडं उतरलं होतं, यंदा बरंच.

काठावरच्या झाडाखाली तिचा नवरा होता. त्याला टेकवून ती पाण्यात उतरली होती, पण नजर सगळी तिकडेच. तो उठला. उठला आणि मागे चालायला लागला.

"अहो! टेका तिथंच!"

तो थांबेना. गावात त्याला सगळे उलट्या म्हणत, आणि ते काही आजारपणातलं नाव नव्हतं. दोर वळणारा माणूस कमरेला वाख गुंडाळतो, त्याची चार टोकं चाकाच्या आकड्याला अडकवतो आणि वाख सोडत सोडत मागे मागे जातो. दुसऱ्यानं चाक फिरवायचं. माणूस जितका मागे जाईल तितका धागा लांब होतो. असा तो जन्मभर मागे चालला. पोरं चिडवायची, उलट्या आला, उलट्या गेला. तो हसायचा. मग तीही उलट्याची झाली. उलट्याची कुठे गेली, उलट्याचीला बोलवा. चिडून तरी काय करणार, खोटं थोडंच होतं?

आता डोकं गेलं तरी पाय विसरले नव्हते. घरातून निघाला तर मागे, रस्त्यावर आला तर मागे. ती चिखलातून धडपडत वर आली आणि तिनं त्याला दंडाला धरलं.

"तुम्ही कोणाच्या?" त्यानं आदरानं विचारलं.

"उलट्याची."

"अरे वा. त्याची बायको फार कडक आहे बरं." तो जवळ वाकला. "एकदा चाकावर बसली की कोणाचं ऐकत नाही. माणसाला पाणी प्यायला सोडत नाही."

"असं?"

"तिला सांगू नका हं."

"नाही सांगत," ती म्हणाली आणि तिनं हातपाय धुवायला घेतले. उरलेल्या पेंढ्या तशाच उन्हात राहिल्या.

घरामागे दोर वळायची लांबलचक पट्टी होती. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण, मधली माती पायांनी घोटून घोटून गुळगुळीत झालेली. एका टोकाला छपराखाली चाक आणि दुसऱ्या टोकाला लोहाराच्या गोठ्याची भिंत. या पट्टीवर दोनच शब्द चालत. मागे जाणाऱ्याला भिंत दिसत नाही, तेव्हा चाकावरच्या बाईनं वेळेवर ओरडायचं, "बस!" तो जागच्या जागी थांबायचा, टाचा रोवायचा, मागे झुकायचा आणि धागा ताणून धरायचा. मग तिनं आपलं टोक खुंटीला बांधायचं, उठायचं, चालत त्याच्याकडे जायचं, त्याचं टोक भिंतीजवळच्या खुंटीला बांधायचं आणि म्हणायचं, "सोड." तेव्हा कुठे त्याच्या मुठी उघडायच्या. आधी सोडलं तर पीळ उसळतो, सगळा धागा गुरफटून जातो आणि दिवस वाया जातो. एरवी ती त्याला अहोजाहो करायची, पण पट्टीवर तेवढा वेळ नसतो. तिथे फक्त बस आणि सोड.

इतक्या वर्षांत त्यानं शब्दाआधी एकदाच सोडलं होतं. चाक फिरवता फिरवता तिला कळा सुरू झाल्या त्या दिवशी. पोरगा झाला, धागा गेला.

बस म्हणायला गावातली पोरंही शिकली होती. कुंपणाआडून गंमत म्हणून ओरडायची, आणि तो थांबायचा. थांबायला त्याला कोणीही चालत होतं. सोडायला मात्र तिचाच आवाज लागे. ती येऊन म्हणेपर्यंत बोट उचलायचा नाही.

बाकी सगळं गेलं, हे राहिलं. जेवलो की नाही ते गेलं. मोरी कुठे ते गेलं. पोराचं नाव गेलं, आणि मग एका दुपारी तीही गेली. "बाई, आमची ही आली की सांगा," तो तिलाच म्हणाला होता. ती तेव्हा त्याची नखं कापत होती. कापत राहिली. पण त्याला पट्टीवर उभं करून ती चाकावर बसली की तो तिच्याकडे बघून मान डोलवायचा, चल म्हणून. तेवढ्या वेळापुरती ती त्याची बायको असायची. दोर विकला जावो न जावो, ती रोज चाकावर बसायची ती याच लोभानं.

आणि तिथेच तिला ती युक्ती सापडली. तळ्याच्या त्या दिवसानंतर एकदा बस म्हटल्यावर चुलीवरचं भांडं उतू गेल्याचा वास आला, म्हणून ती आत पळाली. भांडं उतरवलं, सांडलेलं पुसलं, आणि तिथेच दोन मिनिटं भिंतीला टेकली. बाहेर आली तर तो तसाच, टाचा रोवून, धागा ताणून. चेहऱ्यावर कामातल्या माणसाची शांतता. ती धावतच त्याच्याकडे गेली. आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं जुना दोर खुंटीला बांधला, त्याचं टोक त्याच्या हातात दिलं, बस म्हटलं आणि जाऊन अंघोळ केली. डोक्यावरून. घाई न करता. मोरीचं दार लावून. कितीतरी दिवसांत तिनं दार लावलं नव्हतं. केस पिळताना तिला रडू आलं, ते सुखाचं होतं की लाजेचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मग रोजच थोडं थोडं होऊ लागलं. पाणी आणायचं, बस. सरपण फोडायचं, बस. कधी नुसतंच पडायचं, बस. गुराला खुंट्याला बांधतात आणि आपण वेगळं काय करतो, असं मनात यायचं. पण जनावर हंबरतं तरी. हा हूं की चूं करायचा नाही.

एकदा लोहार भेटायला आला. भला माणूस, फक्त आवाज हातोड्याचा. उलट्या नुकता चहाचा ग्लास घेऊन उठत होता.

"अरे बस, बस! उठतोस कशाला?" लोहार म्हणाला.

उलट्या अर्धवट उठलेला तसाच थिजला. गुडघे वाकलेले, ग्लास छातीशी धरलेला.

"काय झालं याला? बस म्हणतोय ना."

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी तिला हसू फुटलं. तिनं सगळं समजावून सांगितलं. लोहार मांडीवर थाप मारून हसला. म्हणाला, "म्हणजे पाहुण्याला बस म्हटलं तर हा उभा! वहिनी, कमाल आहे." तीही डोळे पुसत हसत होती. हसता हसताच नवऱ्याकडे वळून म्हणाली, "सोड."

त्यानं सोडलं. ग्लास खाली पडून फुटला, चहा लोहाराच्या पायावर.

"अगं बाई," ती जीभ चावून म्हणाली, "ठेवा म्हणायला हवं होतं."

काचा वेचताना ती पुन्हा वाकली आणि तिचं हसू तिथेच थांबलं. फडकं ओलं झालं होतं. नुसतं ओलं नाही, लाल.

दवाखाना पलीकडच्या वस्तीत होता. जायचं जायचं म्हणून तिनं पुष्कळ दिवस काढले, पण आता खाली बसलं की उठवेना. त्या दिवशी सकाळी आभाळ होतं. तिनं त्याला खाऊ घातलं, मोरीवर नेऊन आणलं, डोक्याला फडकं बांधलं, भिंतीच्या सावलीत उभं केलं आणि दोराचं टोक हातात दिलं. एरवी ती लोहाराच्या बायकोला लक्ष ठेवायला सांगायची. त्या दिवशी नाही सांगितलं. कुठे चाललात, काय होतंय, कुठे होतंय, सगळं सांगावं लागलं असतं.

"बस," ती म्हणाली. "आलेच मी."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई उशिरा आल्या. बाकावर बायका दाटीवाटीनं, प्रत्येकीच्या मांडीवर काही ना काही. हिच्या मांडीवर काही नव्हतं, तरी हात तिथे धरून बसायची सवय गेली नव्हती. आत बोलावलं तेव्हा तिनं आधी माफी मागितली, म्हणाली, "कपड्यांना तळ्याचा वास आहे, धुतले तरी जात नाही." डॉक्टरीणबाईंनी तिला झोपायला सांगितलं. तपासलं आणि त्यांचे ओठ आवळले गेले.

"असं अंगावर काढतात का? केव्हापासून आहे?"

"मागच्या घायपातापासून."

"म्हणजे?"

"म्हणजे मागच्या उन्हाळ्यापासून."

"ऑपरेशन करावं लागेल. लवकर. आणि नंतर जड उचलायचं नाही, अजिबात. काय उचलता तुम्ही घरी?"

"नवरा."

नर्सबाई हसली, मग हिच्या तोंडाकडे बघून गोळ्यांची पुडी बांधायला लागली.

"घरी दुसरं कोण आहे?"

"तेच आहेत."

डॉक्टरीणबाईंनी हात धुतले, पुसले, आणि जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. मनापासून ठेवला, ते कळत होतं. "बाई, स्वतःची काळजी घ्या. तुम्हीच पडलात तर त्यांचं कोण करणार?"

हे वाक्य तिनं गोळ्यांच्या पुडीबरोबर घेतलं आणि बाहेर पडली. स्वतःची काळजी घ्या. घ्यायची म्हणजे कुठून घ्यायची? गोळी सकाळी-संध्याकाळी, जेवणानंतर, हे सांगितलं. काळजी कधी घ्यायची, त्या वेळी नवरा कुठे ठेवायचा, हे सांगितलं नाही. तिला एकदम राग आला. डॉक्टरणीचा नाही, त्या एका वाक्याचा.

तपासल्यामुळे दुखत होतं. वाटेत झाडाखाली ती जरा टेकली. आभाळ केव्हाच पांगलं होतं, पण सावली गार होती. अंगावरून वारा गेला. जरा डोळे मिटते, असं ती स्वतःशी म्हणाली. किती महिने ती कान उघडे ठेवून झोपत होती. कडी वाजली की उठ, खोकला आला की उठ. त्या झाडाखाली कोणी खोकलं नाही. ती मेल्यासारखी झोपली.

जाग आली तेव्हा सावली तिला सोडून पलीकडे गेली होती. आधी तिला कळेना आपण कोण. मग कळलं, आणि ती धावत सुटली. पोटाखाली एक हात दाबून, दुसऱ्या हातात चपला.

पट्टीवर माणसं जमली होती. लोहाराची बायको, तिची जाऊ, दोन वाटसरू. भिंतीची सावली सरून उलट्या भर उन्हात उभा होता. डोक्यावरचं फडकं पडलं होतं. ओठ फुटलेले, पायजमा ओला, पायाशी मातीत ओलाव्याचा डाग. अंग थरथरत होतं, पण टाचा रोवलेल्या आणि दोर ताठ. मुठीतून एक काळपट ओघळ मनगटापर्यंत आला होता.

"दादा, सोडा ना," लोहाराची बायको काकुळतीला आली होती. "सोडा म्हणतेय कधीची, ऐकत नाहीत. दोर कापायला गेलो तर ओरडतात." मग तिला ही दिसली. "वहिनी, बांधून गेलात तुम्ही?"

"बांधलं नव्हतं. हातात दिलं होतं."

"एकच झालं की हो."

ती त्याच्यापुढे गेली. त्यानं डोळे किलकिले करून बघितलं. ओळख नव्हती, पण वाट बघणं होतं.

"सोड," ती म्हणाली.

मुठी उघडल्या. दोर खाली पडला, आणि पाठोपाठ तोही, सगळा तिच्या अंगावर. तिनं त्याला झेललं. जड उचलायचं नाही, हे त्याच दिवशी ऐकलं होतं, पण हातांना कुठे माहीत. तिच्या आत काहीतरी फाटल्यासारखं झालं, आणि दोघंही त्या घोटलेल्या मातीत कोसळले. लोहारानं येऊन आधी एकाला आत नेलं, मग दुसरीला. बायकांनी तिची अवस्था बघितली आणि पुरुषांना बाहेर काढलं. जे तिनं वर्षभर जिवापाड लपवलं होतं ते संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचलं. त्याबरोबर दुसरी गोष्टही पोचली. उलट्याची नवऱ्याला उन्हात बांधून गेली आणि झाडाखाली झोपली.

पोरगा शहरातून टेम्पो घेऊन आला. तो भाजीची खोकी वाहायचा, गाडीला पानांचा वास होता. त्यानं बापाच्या तळहाताच्या पट्ट्या बघितल्या, आईचा पांढरा पडलेला चेहरा बघितला, आणि उंबऱ्यावर डोकं धरून बसला. चांगला होता पोरगा. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"आई, माझ्याकडे नेलं असतं," तो म्हणाला. "पण दोन खोल्या, तुझी सून कामावर, मी गाडीवर. कुलूप लावून जावं लागेल."

"कुलूप नको."

"एक संस्था आहे. अशाच माणसांची. बघायला माणसं असतात. तुझं ऑपरेशन होऊन तू बरी होईपर्यंत."

"बरी झाले की परत?"

"परत," तो जमिनीकडे बघून म्हणाला.

बरी झाली तरी उचलायचं नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"तिथं अंगण आहे?" तिनं विचारलं.

"गॅलरी आहे."

"लांब आहे?"

"आहे बऱ्यापैकी."

तिनं दोन दिवस मागून घेतले. तळ्यातल्या उरलेल्या पेंढ्या काळ्या पडल्याचं लोहारानं येऊन सांगितलं, ते तिनं दुसऱ्याच कोणाच्या मालाबद्दल असल्यासारखं ऐकलं. त्या दोन दिवसांत तिनं त्याला पट्टीवर नेलं नाही. तिला चाक फिरवणं होत नव्हतं, हे एक. आणि बस हा शब्द तोंडातून काढवत नव्हता.

निघायच्या सकाळी पोरानं टेम्पोचा मागचा फाळका पाडला. पुढे दाटी होईल, मागे गादी टाकलीय, लोहाराचा भाऊ सोबत बसेल, असं ठरलं. बापाला वर चढवलं.

"बाबा, बसा. बस. अहो, बस म्हटलं ना!"

उलट्यानं बाजूचा गज धरला आणि थिजला. लोहाराच्या भावानं बोटं सोडवायला बघितली, तर त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"असं केलं तर कसं न्यायचं?" पोरगा रडकुंडीला आला. "आई, तूच सांग काहीतरी."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं काही म्हटलं नसतं, तर तो गजाला धरून तसाच उभा राहिला असता. दिवसभर. उद्याही. नेता आलंच नसतं त्याला. हे तिच्या मनात आलं, चांगलं सावकाश आलं. मग ऊन वाढत चाललेलं तिला दिसलं, त्याच्या तळहाताच्या पट्टीवर आलेला लाल ठिपका दिसला.

"सोड," ती म्हणाली. आणि त्यानं गज सोडल्यावर, "आता टेका."

तो टेकला, मागच्या बाजूला तोंड करून.

ती पोराजवळ गेली. "नीट ऐक. त्यांना बस म्हणायचं नाही. टेका म्हणायचं. तिथल्या माणसांना सांग. बस म्हटलं की उभे राहतात, आणि हातातलं सोडत नाहीत. विसरू नको."

"सांगतो आई."

"काय सांगशील?"

"बस म्हणायचं नाही, टेका म्हणायचं. अगं, सांगतो म्हटलं ना."

गाडी सुरू झाली. तो तिच्याकडे बघत होता. जन्मभर तो असाच लांब गेला होता, तिच्याकडे तोंड करून, पावलापावलानं लहान होत. वळणाजवळ त्याचे हात पोटाशी गेले आणि नसलेला वाख सोडू लागले. मान किंचित कलली. तिला ती मान पाठ होती. भिंत आली का, असं तो विचारत होता.

तिनं ओठ दातांखाली धरले. लोहाराची बायको बाजूला उभी होती, ती म्हणाली, "रडा वहिनी, मोकळ्या व्हा." पण ती रडत नव्हती. ती एक शब्द तोंडात धरून उभी होती, आणि गाडी वळेपर्यंत तो तिनं बाहेर येऊ दिला नाही.

ऑपरेशन झालं. तिला वाटलं होतं आपण उठणार नाही, पण उठली. खाटेवर पांढरी चादर, वेळेवर जेवण, ताट पुढ्यात आणून ठेवणारी बाई. पहिल्यांदा कोणीतरी तिचं ताट उचलून नेलं तेव्हा तिला काय करावं कळेना, ती ताटाबरोबरच उठायला निघाली. गरम घास गरम असतानाच खाल्ला, त्याची चव लागली, आणि चव लागली म्हणून स्वतःची चीड आली. ती झोपायची. उठायची, कान टवकारायची, कोणी हाक मारत नाही हे कळायचं, आणि पुन्हा झोपायची. नर्सबाई म्हणायची, "बघा, चेहऱ्यावर तेज आलं. अशीच काळजी घ्यायची आता स्वतःची." शेजारच्या खाटेवरची बाई मान डोलवायची. तिला त्या दोघींना काहीतरी फेकून मारावंसं वाटायचं.

पोराचा फोन रोज यायचा. नीट आहेत. जेवतात. हो, चालतात गॅलरीत. मग दोन दिवस आला नाही. आणि मग एका सकाळी आला.

"आई, मी संस्थेत आलोय. बाबा टेकतच नाहीत गं. उभेच. पाय सुजलेत, कातडी फुटायला आलीय. काल उभ्या उभ्याच..." तो थांबला.

"त्यांना कोणी बस म्हटलं?"

"म्हटलंच असेल."

"तू सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं, पहिल्या दिवशी. माणसं बदलतात इथली. आणि सगळेच म्हणतात गं. जेवायला बस, तपासायला बस, पुरे झालं तरी बस. कोणाकोणाचं तोंड धरू?"

तिनं उठायला बघितलं. टाके ताणले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पुन्हा उशीला टेकून तिनं श्वास जमवला.

"हातात काय आहे त्यांच्या?"

"खिडकीचा गज. दोन बायकांनी सोडवायचा प्रयत्न केला, चावायला गेले. मी सोड म्हणून बघितलं. तुझ्यासारखं म्हणून बघितलं."

"फोन दे त्यांच्याकडे."

"दुसऱ्या हातात देतो, थांब. बाबा, धरा. कानाला लावा. आई आहे."

तिला श्वास ऐकू आला. पट्टीच्या त्या टोकाकडून यायचा तोच, तोंडानं घेतलेला, ताणातला.

"अहो."

"कोण?"

"मी आहे."

"बाई, आमची ही दिसली का कुठे?" तो अगदी हळू, अदबीनं बोलला. "बस म्हणून गेली. फार वेळ झाला. मी धरून आहे, पण आता पीळ उतरेल."

"आली," ती म्हणाली. "आली बघा ती."

"मग म्हणत का नाही?"

तिनं डोळे मिटले. पोटावर हात दाबला. आणि चाकावरून म्हणायची तसं, पट्टीच्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात, सगळ्या खाटांवरच्या बायकांनी माना वळवाव्यात अशा आवाजात म्हणाली, "सोड!"

पलीकडे एक श्वास सुटला. लांब, पूर्ण. आणि लगेच फरशीवर काहीतरी आपटलं, खडखडलं, आणि सगळं बंद झालं.

फोनही त्याच्या हातातच होता, तोही सोडला. तिला ग्लास आठवला. ठेवा म्हणायला हवं होतं.

ती मुका फोन कानाशी धरून राहिली. नर्सबाई लगबगीनं आली, "ओरडायचं नाही हो, टाके आहेत," म्हणाली, चादर सारखी करून गेली. शेजारची बाई कोपरावर उठून बघत होती.

"काय झालं? कट झाला का?"

"नाही," ती म्हणाली. "सोडलं त्यांनी."